मुलीला सांगू नका

माझ्या वहिनीला आई रागावते आणि मला कधीच रागावत नाही, या गोष्टीचा मला कित्येक वर्षं हेवा वाटत आलाय. हसायचं तर हसा. पण लंडनमधल्या स्टॅनमोरला दादाच्या स्वयंपाकघरात बसून ते एकदा ऐकायला हवं. "अगं, किती वेळा सांगितलं, हिंग शेवटी घालू नये!" असं आई करवादायची, वहिनी "हो आई" म्हणायची आणि पुढच्या वेळी पुन्हा शेवटीच घालायची. मी टेबलाशी गरम पोळीची वाट बघत बसलेली असायचे आणि माझ्या पोटात दुखायचं.

बाबा गेल्यावर दादाने आईला पुण्याहून इकडे आणलं, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी आणि माझा नवरा बेसिंगस्टोकला, दोघंही आयटीत. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी मी स्टॅनमोरला जायचे. जायचे म्हणजे काय, माहेरी जायचे. मुलगी माहेरी आली की तिने कपसुद्धा विसळायचा नाही, हा आईचा कायदा. मोटरवेवरून तासभर गाडी चालवून आलेल्या मला ती असं बसवायची की जणू मी बैलगाडीतून आलेय. "दमली असशील. बस. पाय वर घे." मग गरम पोळ्या, साजूक तूप, निघताना चार डबे. तब्येत कशी आहे विचारलं की, "मला काय धाड भरलीये? तू तुझं सांग."

मी माझं सांगत राहायचे.

फोनवर मात्र वहिनी मध्ये मध्ये तोंड घालायची, आणि त्याने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी आईला काही विचारलं की मागून वहिनीचा आवाज, "आई, ती विचारतेय की थंडी फार आहे का तिकडे." अहो, मला तोंड आहे! नवऱ्याला मी शंभरदा सांगितलं असेल, ही बाई मला माझ्या आईशी सरळ बोलू देत नाही म्हणून. तो बिचारा मान डोलवायचा.

दीड-दोन वर्षांपासून आई घरातही स्कार्फ बांधून बसायला लागली होती. कान झाकून, हनुवटीखाली गाठ. "इथली थंडी कानात शिरते गं," म्हणायची. मला काय आनंद! काहीतरी देता येईल असं सापडलं. मी तिला तीन स्कार्फ आणून दिले, एक मरून, एक निळा, एक राखाडी लोकरीचा. मी गेले की त्यातलाच एखादा बांधलेला असायचा. वहिनीने दिलेली शाल खुर्चीवर पडलेली आणि माझा स्कार्फ आईच्या डोक्याला, हे बघून मला किती बरं वाटायचं, ते लिहायला आता लाज वाटते.

त्या मंगळवारी सकाळी आई मागच्या दारात पडली. वाळत घातलेले कपडे काढायला निघाली होती, पायरी ओली होती. दादा ऑफिसच्या कामाला सिंगापूरला. अँब्युलन्स वहिनीने बोलावली, सोबत तीच गेली. मला फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. तशीच उठले आणि गाडी काढली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. मी पोचले तेव्हा आई ट्रॉलीवर होती, पांढरीफटक, आणि वहिनी तिचा हात धरून उभी. तिच्या बाहीला पीठ लागलेलं, पायात दोन वेगवेगळ्या चपला. आईच्या डोक्याला स्कार्फ नव्हता, हे मी बघितलं. वाटलं, इथे हीटिंग चांगलं आहे.

"आलीस?" आई म्हणाली आणि त्या दुखण्यातही हसली. "उगीच धावत आलीस गं."

दुपारी वॉर्डमध्ये एक नर्स फॉर्म घेऊन आली. साठीला टेकलेली, चष्मा गळ्यात लटकवलेली. तिने आम्हाला नीट समजावून सांगितलं. म्हाताऱ्या माणसांना अशा ऑपरेशननंतर डिलिरियम होऊ शकतो. म्हणजे अचानक गोंधळ उडतो, कुठे आहोत ते कळत नाही, माणसं ओळखू येत नाहीत. तो होऊ नये म्हणून औषधापेक्षा घरच्यांचा उपयोग जास्त. तुम्ही बसा, बोला, आज वार कुठला ते सांगा, चष्मा द्या, पाणी पाजा, जेवायला लावा, दिवसा जागं ठेवा. आणि आधी हे भरून द्या, म्हणजे पेशंट म्हणजे कोण माणूस आहे ते आम्हाला कळेल.

वहिनीने पेनासाठी हात पुढे केला. मी तिच्याआधी पेन घेतलं.

"मी मुलगी आहे तिची," मी नर्सला म्हणाले. इंग्रजीत, आणि वहिनीला नीट ऐकू जाईल इतक्या जोरात.

आणि मग मी तो फॉर्म असा भरला की काय सांगू! परीक्षेला बसल्यासारखा. पहाटे पाचला उठते. चहा कडक, दोन चमचे साखर. रेडिओ लागतो. गर्दी आवडते. चष्मा: आहे. श्रवणयंत्र: नाही. कवळी: नाही, दात स्वतःचे. वहिनी माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आईकडे बघितलं. आईने पडल्या पडल्या तिच्याकडे बघून भुवया आवळल्या. वहिनी गप्प बसली. ती खूण माझ्या नजरेतून सुटली नाही. त्या दोघींत काहीतरी आहे आणि मला त्यातून वगळलंय, एवढं कळलं, आणि मी अशी काही जळाले की खालची सही वाकडी झाली.

बुधवारी ऑपरेशन नीट पार पडलं. दुपारी आईला वॉर्डात आणलं तेव्हा ती गुंगीत होती. चेहरा एकदम म्हातारा दिसत होता, गाल आत गेलेले. वाटलं, भूल आहे, उतरेल. वहिनी पर्स छातीशी धरून पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.

"मी थांबते ना," ती म्हणाली.

"नको. तुम्ही घरी जा. आता मी आहे."

"अगं, तुला एक सांगायचं होतं..."

"मेसेज करा ना, वहिनी."

तिने आईची चादर सारखी केली. मग गेली. तिने मेसेज केला नाही. आणि मी खुर्ची पलंगाजवळ ओढून बसले. खरं सांगते, आई एवढी आजारी असताना माझ्या मनात काय होतं तर, आता ही माझी.

गुरुवारी सकाळपासून आई बिघडली. आधी चादरीवरचं काहीतरी चिमटीत उचलत राहिली, जे तिथे नव्हतंच. मी नर्सने सांगितलं तसं सगळं करत होते. चष्मा लावला. "आई, आज गुरुवार आहे. तू हॉस्पिटलमध्ये आहेस. पडली होतीस ना? ऑपरेशन झालं." ती माझ्या तोंडाकडे बघायची, शेजारणीकडे बघून हसावं तसं हसायची आणि मान हलवायची. परत चादर. टोस्ट चावला नाही. नवऱ्याने बेसिंगस्टोकहून थालीपीठ करून आणलं, माझ्या सांगण्यावरून, खमंग, आईला आवडतं तसं. तिने एक तुकडा तोंडात घोळवला आणि टिश्यूत काढून ठेवला. मला राग आला. वहिनीने केलं असतं तर खाल्लं असतं, असं वाटलं. बघा, कुठे काय सुचत होतं!

दुपारी तिने हातातली सुई उपटून काढली. रक्त आलं. दोन नर्सेस धावल्या, त्या एकदम वाकल्यावर आई घाबरून किंचाळली आणि एकीला चापट मारली. माझ्या आईने! जिने आम्हाला कधी हात लावला नाही.

डॉक्टर आला, तरुण मुलगा, पलंगाशी उकिडवा बसून बोलला. हाच डिलिरियम, म्हणाला. काहींचा चार दिवसांत उतरतो, काहींचा आठवडेच्या आठवडे राहतो, आणि काही जण पूर्वीसारखे होतच नाहीत. ती चालायला लागणार की नाही, स्टॅनमोरला स्वतःच्या खोलीत परत जाणार की नर्सिंग होममध्ये, ते या पुढच्या काही दिवसांवर अवलंबून आहे. मी विचारलं, मी अजून काय करू? तो म्हणाला, तुम्ही करताय ते बरोबर आहे, करत राहा.

बरोबर कसलं डोंबलाचं.

तो गेल्यावर आईने मला खुणेने जवळ बोलावलं. मी वाकले. तिने माझ्या मनगटाला धरलं आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, माझ्या मुलीला सांगू नका हं."

"आई, मीच..."

"ती लांब असते. उगीच घाबरते. तिला काही म्हणजे काही सांगू नका."

मी हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. हात सुकवायच्या मशीनखाली हात धरून, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही.

शुक्रवारी सकाळी नऊच्या आत वहिनी आली. मी बोलावलं नव्हतं. तिने आईकडे एकदा बघितलं आणि पिशवी पलंगावर ठेवली. "पुरे झालं आता," ती स्वतःशीच म्हणाली. पर्समधून तिने एक छोटी डबी काढली. डबीत कानाची दोन यंत्रं. मग वाकून लॉकरच्या खालच्या कप्प्यात हात घातला आणि टॉवेलामागून प्लॅस्टिकची दुसरी डबी ओढून काढली, आईच्या नावाची पट्टी लावलेली. ऑपरेशनला नेताना थिएटरच्या लोकांनी काढून ठेवलेली कवळी. ती दोन दिवस तिथेच होती. ती तिथे असेल म्हणून कोण बघणार? फॉर्मवर लिहिलं होतं ना, दात स्वतःचे.

वहिनीने आईचे केस कानामागे सारले. "सेल नवे घातलेत, आई," असं पुटपुटत एकेक यंत्र बसवलं. मग तोंडासमोर ओढणी धरली, कोणाला दिसू नये म्हणून, आणि कवळी बसवली. हे सगळं तिने इतक्या सहज केलं, कुकरचं झाकण लावावं तसं. पडदा सरकवला. बाहेरचं ऊन आत आलं.

"आई. मी आलेय. आज शुक्रवार. तुमचा खुबा मोडला होता, तो दुरुस्त केलाय. आपण लंडनमध्येच आहोत."

आई दचकली. तिने वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे, पुन्हा वहिनीकडे. आणि दोन दिवसांतलं तिचं पहिलं शुद्धीतलं वाक्य काय? "हिच्यासमोर कशाला लावलंस गं?"

मी वहिनीला दंडाला धरून कॉरिडॉरमध्ये नेलं. काय काय बोलले मी! माझ्या आईला ऐकू येत नाही हे मला माहीत नको? तुम्ही मला फॉर्म भरू दिलात? तिचं काही झालं असतं तर?

"शपथ घातली होती त्यांनी," वहिनी म्हणाली. "देवासमोर. 'तिला कळता कामा नये.' फोनवर म्हणून मी मध्ये बोलायचे, तू काय म्हणतेस ते त्यांना सांगायला. तू यायची त्या दिवशी स्कार्फ. आणि मंगळवारी, हाड मोडलेलं, वेदनेने कळवळतायत, आणि मला काय म्हणाल्या? 'ती येतेय ना? मग आधी कानातलं काढ.'"

मी तिचा दंड सोडला.

"तरी चुकलंच माझं," ती म्हणाली. "परवा बोलायला हवं होतं, शपथ गेली खड्ड्यात." आणि मग बारा वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "पण तू तरी कधी विचारलंस का गं? एकदा तरी स्वयंपाकघरात माझ्या बाजूला येऊन उभी राहिलीस? तुझा रविवार असला की शनिवारपासून त्या माझ्यावर ओरडतात. हे पुसलं नाही, ते सोललं नाही. का, तर ती येणार. मलापण वाटतं, कोणीतरी मला म्हणावं, बस, दमली असशील. मलापण ताटात गरम पोळी हवी असते!"

एक पोर्टर रिकामी व्हीलचेअर ढकलत गेला. आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. म्हणजे ही माझा हेवा करत होती आणि मी हिचा. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याखाली आणखी काहीतरी होतं, सांगूनच टाकते: आई माझ्यासाठी आदल्या दिवसापासून घर डोक्यावर घेते हे ऐकून मला बरं वाटलं, आणि तेवढ्याने भागलं नाही.

आम्ही नवा फॉर्म मागून घेतला. या वेळी वहिनी सांगत गेली, मी लिहीत गेले. चहा बिनसाखरेचा, कोमट. साखर चार वर्षांपूर्वीच बंद. सकाळी आठपर्यंत झोपते. गर्दीत घाबरते. उजव्या बाजूने बोला, डावा कान जास्त गेलाय. पोळी दुधात कुस्करून. प्रत्येक ओळीला मला कानफटात बसत होती. नर्सने तो वाचला, जुना फाडला, आणि "थँक यू, लव्ह," म्हणाली. वहिनीला.

पाळ्या ठरल्या. सकाळी मी, दुपारनंतर वहिनी. सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. शुक्रवारी दुपारी आई बरी वाटली, शनिवारी पुन्हा घसरली, खिडकीबाहेरच्या पार्किंगला सिंहगड रोड म्हणाली आणि रिक्षा बोलवायला सांगत राहिली. वहिनी आली की तिचा हात आपोआप वहिनीकडे जायचा. मी पाणी पुढे केलं तर "राहू दे, तू कशाला," आणि वहिनीने केलं तर घटाघटा. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि तरी मी हे मोजत होते. कोणाच्या हातून किती घोट.

रविवारी सकाळी फिजिओने तिला उठवून खुर्चीत बसवलं. वहिनीने आदल्या दिवशी स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर आणून पलंगासमोर टांगलं होतं, तारीख-वार डोळ्यांसमोर असावा म्हणून. नर्सला ते फारच आवडलं होतं. मलाही असं काही सुचायला हवं होतं, पण नव्हतं सुचलं. मग निदान ते वापरावं म्हणून मी आईच्या उजव्या बाजूला बसले आणि वाचायला लागले.

"आई, आज रविवार. आज संकष्टी आहे. चंद्रोदय नऊ वाजून..."

"ती मुंबईची वेळ," आई म्हणाली.

मी वळून तिच्याकडे बघितलं.

"इथला चंद्र इथल्या वेळेला उगवतो. एवढी वर्षं इथे राहून कळत नाही होय गं तुला? तुझा दादा फोनमध्ये बघून सांगतो." मग ट्रेकडे बघून, "ते काय आहे?"

"मॅश. उपासाचं काय करायचं, आई?"

"आजारी माणसाला कसला उपास? आणि बटाटा तसाही चालतो. आण इकडे."

तिने ते सगळं खाल्लं. माझ्या हातून नाही, स्वतःच्या हाताने, चमचा धरून. ती परत आली होती. नर्स लांबूनच अंगठा दाखवून गेली.

खाऊन झाल्यावर मात्र आई अस्वस्थ झाली. जीभ गालात फिरवायला लागली, दाराकडे बघायला लागली.

"ती किती वाजता येणार?"

"तीनला. का? काय हवंय?"

"काही नाही."

परत जीभ. परत दार. तेव्हा जेमतेम एक वाजला होता. बोलले असते तर रडले असते, किंवा भांडले असते. माझ्या आईला कवळीखाली अडकलेला बटाटा घेऊन दोन तास बसायला चालणार होतं, पण मला सांगायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "पडदा लाव."

मी उठून पलंगाभोवतीचा पडदा ओढला, पार टोकापर्यंत. तिने तोंड माझ्यापासून वळवलं, हात तोंडाशी नेला, आणि मग वळली. गाल आत गेलेली, ओठ आत ओढलेली एक म्हातारी. तिने ओली कवळी माझ्या तळहातावर ठेवली आणि दात नसलेल्या तोंडाने जमेल तशी म्हणाली, "धुऊन आण. गरम पाणी नको. आणि पाडशील, लहानपणापासून वेंधळी तू. दोन्ही हातांनी धर."

मी दोन्ही हातांनी धरली. बेसिनशी पोचते न पोचते तोच वहिनी दारातून आत येताना दिसली. तासभर आधीच आली होती, हातात डबा. तिने माझ्या हातात काय आहे ते बघितलं आणि सवयीने हात पुढे केला.

"दे, मी धुते."

"नको," मी मूठ घट्ट करत म्हणाले. "तिने मला सांगितलंय."